थिसिसला रॅट की झेब्राफिश? दोन्ही करून बसलेल्याचं मत

पावसाळा लागला की मला फोन सुरू होतात. शिरपूर, चोपडा, फैजपूर, कुठूनतरी कोणीतरी एम.फार्म. फार्माकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला गेलेलं असतं, गाईडने विचारलेलं असतं की अ‍ॅनिमल करणार का दुसरं काही बघणार, आणि कुठल्यातरी चुलतभावाच्या रूममेटने माझा नंबर दिलेला असतो. "भाऊ, रॅट घेऊ का झेब्राफिश घेऊ?" प्रत्येकाला तेच तेच अर्धा तास सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाचं लिहून काढतोय. मी एम.फार्म. रॅटवर केलं, पीएच.डी. झेब्राफिश या छोट्याशा माशाच्या अंड्यांवर आणि थोडं सेल लाइनवर, म्हणजे लॅबमधे वाढवलेल्या पेशींवर. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, मी दोन्हीकडे पोटभर जेवून आलोय, कुठल्या जेवणाने पोट बिघडलं तेवढं सांगतो.

थ्री आर काय, आयएईसी म्हणजे कॉलेजची प्राण्यांवरच्या प्रयोगांची कमिटी काय, हे माहीत आहे असं धरून चालतो. रसेल आणि बर्च, १९५९, रिप्लेसमेंट रिडक्शन रिफाइनमेंट (प्राण्याऐवजी दुसरं काही, कमी प्राणी, कमी त्रास), आपल्याकडे चौथा रिहॅबिलिटेशन (प्रयोगानंतरचा सांभाळ), हे व्हायवाला, तोंडी परीक्षेला, सगळेच घडाघडा म्हणतात. प्रश्न तो नाहीये. प्रश्न आहे की तुमच्याकडे दीड वर्ष आहे, खिशात फारसे पैसे नाहीत, आणि कॉलेज खान्देशात आहे. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आधी परवानगीचं बघू, कारण सगळे तिथेच घाबरतात. रॅटसाठी फॉर्म बी भरायचा, आयएईसीसमोर प्रेझेंटेशन द्यायचं. आठ जणांची कमिटी, त्यात एक व्हेटर्नरी डॉक्टर, एक बाहेरच्या संस्थेतला सायंटिस्ट, एक समाजातला माणूस ज्याचा सायन्सशी संबंध नाही, आणि एक सीसीएसईए या केंद्राच्या कमिटीचा नॉमिनी (जुन्या लोकांच्या तोंडात अजून सीपीसीएसईएच आहे). नॉमिनीची तारीख मिळेपर्यंत मीटिंग होत नाही, आमच्याकडे तीन महिने गेले होते. पण खरं सांगू का, हा फॉर्म बी मला नंतर आवडायला लागला. त्यात सरळ विचारलेलं असतं की प्राणी का हवाय, हाच प्राणी का, एवढेच नग का, असा प्रयोग आधी कोणी केलाय का आणि केला असेल तर तुम्ही परत कशाला करताय. चार प्रश्न. प्रामाणिकपणे उत्तरं दिली तर आपल्याकडचे निम्मे थिसिस तिथेच आटोपतील, कारण जांभळाच्या बीचा अर्क आणि एसटीझेड नावाच्या रसायनाने डायबेटिक केलेले रॅट हे काम इतक्या वेळा झालंय की रॅटलाच रिझल्ट विचारला तर तो सांगेल.

तिसऱ्या प्रश्नाचं एक गणित तेवढं सांगतो, मला कोणी सांगितलं नव्हतं. आपण सगळे ग्रुपला सहा रॅट लिहितो. का सहा, तर सीनियरने सहा लिहिले होते. माझे सहा ग्रुप होते म्हणजे ३६ रॅट. आता रिसोर्स इक्वेशन म्हणून एक साधी पद्धत आहे, एकूण प्राण्यांमधून ग्रुपची संख्या वजा करा, उत्तर १० ते २० च्या मधे यायला पाहिजे, जास्त आलं तर प्राणी फुकट वापरताय. माझं ३६ वजा ६, म्हणजे ३०. ग्रुपला चार घेतले असते तर २४ वजा ६ म्हणजे १८, बरोबर बसत होतं. एसटीझेडमधे काही मरतात म्हणून वरती दोन-चार धरले तरी माझे आठ-दहा रॅट कागदावरच जास्तीचे होते. कमिटीत कोणीही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, मला माहीतच नव्हतं.

झेब्राफिशला परवानगी लागत नाही असं तुम्हाला कोणीतरी छातीठोक सांगेल. युरोपच्या २०१० च्या नियमात पिल्लू स्वतःहून खायला लागेपर्यंत ते प्रयोगातला प्राणी म्हणून धरत नाहीत, झेब्राफिशचं ते साधारण पाच दिवसांचं होतं, त्यावरून ही गोष्ट पसरलीये. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मात्र प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव, आणि अंडी देणारे मोठे मासे तर तुम्ही पाळणारच आहात. आमच्या कमिटीने माझ्याकडून माशांचाही फॉर्म भरून घेतला आणि मला तर ते बरंच वाटलं, पेपर पाठवताना अप्रूव्हल नंबर विचारतातच. तेव्हा या बाबतीत दोघं सारखेच. फक्त माशांच्या मीटिंगला प्रश्न कमी आले, एका सरांनी तर हसत "हे तळून खातात का" एवढंच विचारलं.

सेल लाइनला कमिटीची भानगड नाही, पण तिथे भानगड वेगळी आहे ती पुढे सांगतो.

आता मुख्य. माझं सगळं मत ज्यावरून ठरलं ती गोष्ट अगदी फालतू वाटेल. एसी.

रॅटच्या खोलीला २२ डिग्री पाहिजे, तीन इकडे तीन तिकडे चालतं, ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या गाईडलाइनमधे तेच आहे. बारा तास उजेड, बारा तास अंधार. आता ही गाईडलाइन लिहिणाऱ्यांनी भुसावळचा मे बघितलेला नाही. आपल्याकडे ४५ च्या पुढे पारा जातो, रात्री अकरालासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि नेमकं तेव्हाच व्होल्टेज पडतं. अ‍ॅनिमल हाऊस बहुतेक ठिकाणी वरच्या मजल्यावर नाहीतर पत्र्याच्या शेडला लागून, कारण वास येतो म्हणून ते कोणालाच जवळ नको असतं. आमचं वरती होतं. दोन एसी, एक चालायचा.

एका शनिवारी रात्री एक फेज गेला, एसी ट्रिप झाला. सुट्ट्या लागलेल्या, वॉचमनला काय कळणार, लाईट तर दिसत होती. मी सोमवारी सकाळी डोस द्यायला गेलो. दार उघडल्यावर आधी वास आला, ओल्या भुश्याचा आणि अमोनियाचा, डोळ्यांत पाणी आणणारा. भिंतीवरचं थर्मामीटर ३८ दाखवत होतं. सकाळी नऊला ३८, म्हणजे रविवारी दुपारी काय असेल तुम्हीच बघा.

रॅटला घाम येत नाही. त्याची उष्णता शेपटीतून जाते आणि अगदीच सहन होईना की तो स्वतःची थुंकी अंगाला फासतो, ती सुकताना जो गारवा मिळेल तो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी बघितलं. पिंजऱ्याच्या तळाशी पोट टेकवून पाय फाकवून पडलेले, गळ्याखालचे आणि छातीचे केस ओले चिप्प, शेपट्या लालभडक. आणि हे डायबेटिक रॅट, आधीच सारखी लघवी, सारखं पाणी, बाटल्या कधीच्या रिकाम्या झालेल्या. पाच मेले होते. आमच्याकडे पिंजरे धुवायला एक नाना होते, मोराण्याकडचे, ते मागून येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, माणूसले पंखाखाल झोप येत नही, तठे त्या उंदीरस्नं काय व्हई."

मग काय केलं? बाटल्या भरल्या, टेबलफॅन लावले, खालच्या कॅन्टीनमधून बर्फ आणून टबात ठेवला. दोन दिवसांनी एसी दुरुस्त झाला. शुगर चेक केली तर नॉर्मल कंट्रोलचे रॅट, ज्यांना काहीही दिलेलं नव्हतं, ते १५०-१६० दाखवत होते, डायबेटिकमधल्या दोघांना तर ग्लुकोमीटर नुसतं एचआय म्हणत होतं म्हणजे ६०० च्या वर. स्ट्रेसने शुगर चढते, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. सर म्हणाले कंटिन्यू कर, सबमिशन जवळ आलंय, नवीन रॅट मागवायला ना वेळ ना पैसा. मी कंटिन्यू केलं. ते पाच थिसिसमधे एसटीझेड मॉर्टेलिटी म्हणून गेले. आणि दाराशी टांगलेल्या तापमानाच्या रजिस्टरमधे त्या तीन दिवसांत २२, २३, २२ लिहिलंय. अक्षर माझं आहे.

कायद्याने याचं काय होऊ शकतं तेही सांगून टाकतो. १९६० च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे केंद्राच्या कमिटीचा आदेश किंवा घातलेली अट मोडली तर दंड २०० रुपयांपर्यंत. दोनशे. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी याहून महाग येते. कॉलेजला खरी भीती असते ती रजिस्ट्रेशन जायची, म्हणून तर रजिस्टर इतकं सुंदर ठेवतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे १९९८ चे नियम आले, नंतर दोनदा दुरुस्त झाले, नोंदी ठेवायला फॉर्म आहेत, सगळं आहे. पण नियम कागद मागतो आणि कागद देणं सोपं आहे, २२ डिग्री देणं अवघड.

तर झेब्राफिश. याला २८.५ डिग्री पाणी लागतं, ऐकूनच बरं वाटतं की नाही. आपल्याच देशातला मासा आहे, गंगेच्या खोऱ्यातला म्हणून १८२२ साली हॅमिल्टनने त्याचं वर्णन केलं, आणि आपण त्याला अमेरिकेतून आल्यासारखा आदर देतो. (लॅबमधे नेला तो अमेरिकेतच, ओरेगॉनच्या स्ट्रायसिंगरने, तो भाग खरा.) त्याच्या टाकीला फेब्रुवारीपर्यंत हीटर लागतो, एप्रिल-मेमधे पाणी तापतं हे खरंय, पण टाकीभर पाणी खोलीच्या हवेसारखं तासाभरात तापत नाही, ओली चादर, फॅन, गार पाणी घातलेल्या बाटल्या तरंगत सोडणं, एवढ्यावर मी दोन उन्हाळे काढलेत. आणि नाहीच जमलं तर मासे अंडी देणं बंद करतात. बस. एवढंच नुकसान. तुमचा प्रयोग थांबतो पण प्रयोगाच्या मधे अडकून कोणी तडफडत नाही, कारण जी अंडी वापरायची ती आदल्या दिवसापर्यंत जन्मालाच आलेली नसतात.

अंडी घ्यायची गंमत एकदा तरी बघा. संध्याकाळी जाळीच्या पेटीत नर एकीकडे मादी एकीकडे, मधे काचेचा पडदा. सकाळी लाईट लागली की पडदा काढायचा, अर्ध्या तासात अंडी जाळीतून खाली, जाळी नसेल तर आईबापच खाऊन टाकतात. मेलेली अंडी दुधासारखी पांढरी पडतात, ती पिपेटने उचलून टाकायची. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली शेपटी हलताना दिसते आणि ४८ तासांनी हृदय, काचेसारख्या अंगातून आरपार, मिनिटाला १२० ते १८० ठोके, तुम्ही हातात काउंटर घेऊन मोजायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरी फोन करून आईला सांगितलं. तिने एम.फार्म.च्या वेळी मला विचारलं होतं, "उंदीर माराकरता इतलं शिकना का तू?" माशाचं ऐकून एवढंच म्हणाली की बरं झालं.

आईचं सोडा, वडिलांचा मुद्दा मला जास्त अडचणीचा वाटतो. आमच्या घरी मक्याच्या कणगीजवळ दरवर्षी पिठात कालवून उंदराचं औषध ठेवतात, त्याला कोणी फॉर्म बी मागत नाही, तेही उंदीरच आणि मरतात ते वाईटच मरतात. आणि पोळ्याला आम्ही बैलाला पुरणपोळी भरवतो. तेव्हा प्राण्यांबद्दलची आपली नीती सरळ रेषेत आहे असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्यापुरता फरक एवढाच वाटतो की शेतातला उंदीर आमच्या जिवावर उठलेला असतो, लॅबमधला आम्हीच पैसे देऊन मागवलेला असतो. रजिस्टर्ड ब्रीडरकडून टेम्पोने, बिल घेऊन. मागवला म्हणजे त्याची २२ डिग्री आपल्या डोक्यावर आली.

आता माशांच्या कटकटी, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. पाणी. आपल्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की भांड्यावर पांढरा थर बसतो, आणि नळ चार-पाच दिवसाआड. आरओचं पाणी घेऊन त्यात मोजून मीठ घालावं लागतं, नळाचं घेतलं तर क्लोरीन काढावा लागतो, मी एकदा घाईत विसरलो आणि सकाळी अकरा मासे वर तरंगत होते, तोही पाप माझ्याच खात्यात. दुसरं, मासे जळगावच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून आणायचा मोह आवरा. स्वस्त पडतात पण वय माहीत नाही, आजार माहीत नाही, कमिटीत तर विचारतीलच.

तिसरी कटकट सगळ्यात मोठी आणि आपल्या लोकांनाच जास्त लागू. आपण सातपुड्यातली पानं आणतो, अर्क काढतो, तो अर्क असतो काळाकुट्ट. पाण्यात टाकला की अंडं दिसेनासं होतं. अर्धा तर विरघळतच नाही, तळाशी गाळ बसतो, विरघळवायला डीएमएसओ वाढवावं तर तेच अंड्यांना मारतं. आणि पाण्यातलं औषध पिल्लाच्या पोटात नेमकं किती गेलं ते सांगता येत नाही, रॅटला तुम्ही फीडिंग नीडलने किलोला २०० मिलिग्रॅम दिलं म्हणजे दिलं. मला शेवटी अर्क फ्रॅक्शन करून, म्हणजे त्याचे वेगवेगळे भाग पाडून, घ्यावा लागला, त्यात चार महिने गेले. ज्यांच्या कॉलेजला केमिस्ट्रीवाले मदत करत नाहीत त्यांनी याचा विचार आधी करावा.

आणि हो, डायबेटिस, आर्थरायटिस, असले लांबचे आजार ९६ तासांच्या अंड्यात बघायचे म्हणजे ओढूनताणून. टॉक्सिसिटीला मात्र उत्तम, ओईसीडीची २३६ नंबरची टेस्टच आहे त्यासाठी, ९६ तासांची. माणसाच्या साधारण ७० टक्के जीन्सना झेब्राफिशमधे जोडीदार आहे हे २०१३ ला त्याचा जीनोम आला तेव्हा कळलं, प्रेझेंटेशनला ही स्लाइड सगळेच टाकतात, तुम्हीही टाका.

सेल लाइनचं थोडक्यात. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून मागवता येतात, डायबेटिसवाल्यांसाठी एल६ छान, ग्लुकोज किती आत घेतलं ते मोजायचं. गंमत म्हणजे एल६ ही रॅटच्याच मांडीच्या स्नायूतून काढलेली, म्हणजे रॅट इथेही आहेच, फक्त १९६८ सालचा, तेव्हापासून तोच चालतोय. पण "प्राणीमुक्त" म्हणून फार मिरवू नका. पेशींना जे १० टक्के सीरम घालतात ना, एफबीएस, ते कत्तलखान्यात आलेल्या गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचं असतं. मला हे वर्षभर माहीत नव्हतं, बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असूनही. माहीत झाल्यावर मी पोळ्याच्या दिवशी लॅबला सुट्टी घेतली, दुसरं काय करणार, सीरमशिवायची मीडिया मिळते पण आपल्या बजेटमधे बसत नाही. आणि सीओटू इन्क्युबेटर ३७ ला चालतो, तो फक्त गरम करतो, गार करत नाही, खोली ४० ला गेली की तोही ४० ला. म्हणजे एसी इथेही लागतोच. फरक एवढा की इथे एसी गेला तर पेशी जातात, लिक्विड नायट्रोजनमधली दुसरी कुपी काढायची.

कॉलेजला कल्चर लॅब नसेल तर बाहेरून करून मिळतं, सॅम्पल कुरिअर करा, पंधरा दिवसांत ईमेलवर एक्सेल शीट. पण मग व्हायवाला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, विचारतो, "यात तू स्वतः काय केलंस?" आणि उत्तर द्यायला खरंच काही नसतं. म्हणून फक्त सेल लाइनवर थिसिस मी तरी सुचवत नाही.

रॅटच्या बाजूने जे आहे तेही मान्य करायला पाहिजे, आणि ते कमी नाहीये. आपल्याकडे कापसात, केळीच्या बागेत घोणस चावतो, मण्यार रात्री अंथरुणात येतो. दवाखान्यात जी अँटीव्हेनमची कुपी लावतात ती घोड्याच्या रक्तातून येते, घोड्याला थोडं थोडं विष देऊन. माझा एक मावसभाऊ त्याच कुपीवर आज फिरतोय. ज्याला प्राण्यांवर काहीच नको असं वाटतं त्याने एकदा पेरणीच्या दिवसांत तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन बसावं. इन्सुलिन १९२१ ला कुत्र्यांवर सापडलं, आपण ज्या डायबेटिसवर थिसिस करतो त्याचं औषधच तिथून आलं. औषध पोटातून रक्तात, रक्तातून लिव्हरला, मग किडनीला, हा पूर्ण प्रवास पेशीत दिसत नाही. हे सगळं खरं.

उलट बाजूलाही तेवढंच खरं आहे. २००६ साली लंडनला टीजीएन१४१२ नावाचं औषध सहा धडधाकट तरुणांना दिलं, माकडांत जो डोस निर्धोक वाटला त्याच्या ५०० व्या हिश्शाने, आणि सहाही जण आयसीयूत गेले. म्हणजे प्राणी दरवेळी खरंच सांगेल असं नाही.

पण मला सांगा, तुमचा माझा थिसिस यात कुठे बसतो? आपण अँटीव्हेनम बनवत नाहीयोत. आपण डिग्रीसाठी, माहीत असलेल्या पानाने माहीत असलेली शुगर कमी होते हे परत दाखवतोय. त्याच १९६० च्या कायद्याच्या १७ व्या कलमात केंद्राच्या कमिटीला सांगितलंय की नुसता हात बसावा म्हणून प्राण्यांवर प्रयोग शक्यतो होऊ नयेत, छोट्या प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. बी.एस्सी.च्या पोरांची बेडूक-झुरळं त्याच विचाराने गेली, यूजीसीने २०१४ ला बंद केली, बी.फार्म.ला आता जिपमरने बनवलेल्या एक्सफार्मसारख्या सॉफ्टवेअरवर बेडकाचं हृदय कॉम्प्युटरवर धडधडतं. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी आपल्याकडे त्याच वर्षी बंद झाली. म्हणजे खालून आणि बाजूने सगळं बंद होत आलंय, मधे आपलं पीजी तेवढं राहिलंय, जिथे "हात बसावा" आणि "संशोधन" यातली रेघ कोणीच नीट ओढलेली नाही.

नोकरीचं विचाराल तर पूर्वी मी डोळे झाकून रॅट म्हटलं असतं, कारण सीआरओवाले, म्हणजे औषध कंपन्यांना चाचण्या करून देणारे, इंटरव्ह्यूला पहिलं विचारतात गॅव्हाज (तोंडातून नळीने डोस देणं) येतं का, रेट्रो-ऑर्बिटल (डोळ्यामागून रक्त घेणं) येतं का. अजूनही विचारतात, आणि ज्याला टॉक्सिकॉलॉजीतच जायचंय त्याने एखादा ट्रेनिंग कोर्स चांगल्या ठिकाणी जाऊन करावा हे बरं. पण वारं फिरतंय. अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरमधे कायदा बदलून प्राण्यांवरच चाचणी हवी ही सक्ती काढली, आपल्याकडे २०२३ च्या मार्चमधे न्यू ड्रग्जच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि ऑर्गन-ऑन-चिप, ऑर्गनॉइड (पेशींपासून लॅबमधे केलेले अवयवांचे छोटे नमुने) वगैरे मान्य झालं, २०२५ ला अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, अँटिबॉडी औषधांपासून प्राणी कमी करत न्यायचा आराखडाच काढला. आता याचा अर्थ उद्या फैजपूरला ऑर्गन-ऑन-चिप येणार असा नाही. पण तुमचा पुढचा तीस वर्षांचा धंदा आहे.

तर माझं काय. ज्यांच्या कॉलेजला अ‍ॅनिमल हाऊस खरंच चांगलं आहे, जनरेटर आहे, सुट्टीत बघायला माणूस आहे, व्हेटर्नरी डॉक्टर नुसता सहीपुरता नाही, आणि प्रश्न असा आहे जो अंड्यात किंवा पेशीत सुटणारच नाही, त्यांनी रॅट घ्यावेत, सहाऐवजी चार घ्यावेत, आणि मे महिना टाळून काम जुलै ते फेब्रुवारीत बसवावं. असे कॉलेज आपल्याकडे आहेत, नाही असं नाही. बाकीच्यांनी, म्हणजे माझ्या अंदाजाने बऱ्याच जणांनी, आधी पेशीत बघा, त्यातून जे टिकेल ते झेब्राफिशच्या अंड्यात, आणि तेवढ्यावर थिसिस होतो, माझ्या हाताखालच्या दोघींचा झालाय. एकीला एक्स्टर्नलने इन व्हिवो, म्हणजे जिवंत प्राण्यात, का नाही म्हणून खोचकपणे विचारलं, तिने अंड्यातल्या हृदयाचा व्हिडिओ लावला, सर पाच मिनिटं बघतच बसले. माझं चुकत असेल, गाईडला विचाराच, शेवटी सही त्यांची.

आणि गाईड रॅटच घे म्हणून अडून बसले असतील तर भांडत बसू नका, फक्त टायटल देण्याआधी एकदा अ‍ॅनिमल हाऊसला जाऊन या. दाराशी खिळ्याला रजिस्टर टांगलेलं असेल, त्यातली मे महिन्याची पानं काढा. एखाद दिवशी २६, एखाद दिवशी २७, खाली "एसी बंद, मेकॅनिकला फोन केला" असं वेगवेगळ्या पेनाने, वेगवेगळ्या अक्षरात लिहिलेलं असेल तर ते कॉलेज चांगलं आहे, बिनधास्त घ्या. महिनाभर एकाच पेनाने २२, २२, २३, २२ असेल तर पान तसंच मिटून ठेवा आणि माशांच्या टाकीला खोली कोणती मिळेल ते विचारा.